पिंपरी-चिंचवड-चाकणच्या इतिहासाची साधने आणि आपण

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'स्थानिक इतिहास' अशी चिठ्ठी लावलेली एक फळी आहे. तिच्यावर मोरया गोसावींची दोन चरित्रे आहेत, चाफेकर बंधूंवरची तीन-चार पुस्तके आहेत, चाकणच्या किल्ल्यावरची एक पुस्तिका आहे आणि २०१६ साली पिंपरी-चिंचवडला भरलेल्या ८९ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने निघालेले काही छापील साहित्य आहे. फळी तेवढ्याने भरत नाही, म्हणून उरलेल्या जागेत जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे ठेवले आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना 'माझ्या गावाचा इतिहास' हा प्रकल्प दिला. वह्या आल्या त्या जवळजवळ सगळ्या एकाच फळीवरून उतरवलेल्या. ज्याने-त्याने १६६० सालचा चाकणचा वेढा लिहिला होता. शाहिस्तेखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने झुंजवले, ही गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखीही आहे. पण मोशीच्या मुलाने तीच लिहिली, भोसरीच्या मुलाने तीच लिहिली आणि ज्याचे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा सोडून पिंपरीच्या झोपडपट्टीत आले त्यानेही तीच लिहिली. एका मुलीने मात्र वही दिलीच नाही. तिने एक प्लॅस्टिकची फाईल माझ्यासमोर ठेवली. जातपडताळणीची फाईल. तीत कोतवाल बुकाच्या एका पानाची नक्कल होती. १९३८ साल, मयताचे नाव, बापाचे नाव, जात महार, कारण ताप. "सर, हे माझे पणजोबा. आमच्याकडं जुनं असं एवढंच आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी मला तिला एकही पुस्तक सुचवता आले नाही. मी इतिहास शिकवतो. ह्या पट्ट्यात जन्मलो, ह्याच पट्ट्यात नोकरी करतो, घरात पहिला पदवीधर आहे. आणि माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर सुट्ट्यांतून मी जी काही शोधाशोध केली तिचा हिशेब येथे देत आहे. आपल्या कार्यकर्त्यांना, शिक्षकांना त्यातले काही उपयोगी पडेल.

प्रथम छापील साधनांकडे वळू. गॅझेटियर सर्वांना ठाऊक आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा. तो १८८५ साली तीन भागांत निघाला आणि आज शासनाने तो सर्वांना वाचायला खुला केला आहे. त्याची मांडणीच पाहण्यासारखी आहे. चिंचवड, चाकण ही ठिकाणे म्हणून येतात. त्यांना देव आहे, किल्ला आहे, वेढा आहे, काळ आहे. आपण येतो ते लोकसंख्येच्या प्रकरणात, जातींच्या ओळीत, पेहराव आणि चालीरीतींसह. म्हणजे गावाला इतिहास आणि आपल्याला फक्त वर्णन. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक स्थानिक पुस्तकांनी हीच वाटणी न तपासता पुढे चालवली. गॅझेटियर वाचावे, पण ही वाटणी ध्यानात ठेवून वाचावे.

चिंचवडवर एक उत्तम पुस्तक आहे आणि ते आपल्याकडे फारसे कोणी उघडत नाही, कारण ते इंग्रजीत आहे. लॉरेन्स प्रेस्टन यांचे चिंचवडच्या देव घराण्यावरचे हे पुस्तक केंब्रिजने १९८९ साली प्रसिद्ध केले. भक्तांसाठी लिहिलेले ते चरित्र नाही. देवस्थानची इनामे कशी मिळाली, राज्ये बदलत गेली तरी ती कशी टिकवली गेली, घराण्यातले वाद सरकारदरबारी कसे गेले, ह्याचा तो अभ्यास आहे. इनाम म्हणजे केवळ श्रद्धा नव्हे, इनाम म्हणजे दप्तर, हे त्यातून कळते. ज्याच्या घरात दप्तर आहे त्याचा इतिहास लिहिला जातो. आपल्या घरात दप्तर नव्हते, म्हणून दुसऱ्याने दुसऱ्याच कामासाठी केलेल्या कागदांत आपल्याला स्वतःला शोधावे लागते.

असाच दुसऱ्या कामासाठी केलेला एक कागद म्हणजे मला ह्या शोधात सापडलेले सर्वांत मोलाचे पुस्तक. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह दख्खनच्या एका गावाची जमीन आणि श्रम यांची पाहणी केली व ती १९१७ साली प्रसिद्ध केली. ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. आज तेथे उंच इमारती आहेत, गाड्यांच्या शोरूम आहेत, हिंजवडीला जाणाऱ्यांची गर्दी आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांपैकी एकालाही हे माहीत नव्हते की आपल्या देशातल्या ग्रामीण अर्थशास्त्राचा एक आरंभ ह्या गावच्या शिवारात झाला आहे.

मॅन यांनी काढलेले आकडे पुढे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे फिरले, फक्त गाव कोठे आहे हे कोणी सांगितले नाही. १७७१ साली तेथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती; १८१८ साली साडेसतरा एकर उरली; १९१५ च्या सुमारास ७ एकर. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे स्वतःच्या जमिनीवर नीट जगू शकत होती. बाहेरची मजुरी धरून आणखी २८ सावरत होती. उरलेली ६७ कोणत्याही हिशेबाने बुडीत. बाहेरची मजुरी म्हणजे मोठ्या प्रमाणावर शेजारच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली मजुरी. हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. ह्या पट्ट्यात उद्योग १९५४ नंतर आले असे आपण शिकवतो. पण ज्यांच्याकडे जमीन पुरेशी नव्हती किंवा मुळीच नव्हती, त्यांच्या घरात कारखान्याचा भोंगा त्याच्या चाळीस वर्षे आधीपासून ऐकू येत होता.

पुढची गोष्ट आपल्या दृष्टीने आणखी महत्त्वाची आहे. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक दीर्घ लेख लिहिला. शासनाने १९७९ साली काढलेल्या त्यांच्या समग्र साहित्याच्या पहिल्या खंडात तो आहे. त्या लेखात पिंपळे सौदागरच्या पाहणीचा दाखला आहे. तुकडे एकत्र करा, जमिनी जोडा, म्हणजे शेती सुधारेल, असे त्या काळचे तज्ज्ञ म्हणत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. शेत लहान आहे म्हणून शेती तोट्यात नाही. अवजारे आणि भांडवल अपुरे आहे आणि जमिनीवर माणसांचा भार फाजील आहे. तो भार उचलायचा तर उद्योग वाढवले पाहिजेत. औद्योगिकीकरण हाच शेतीच्या दुखण्यावरचा उपाय, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

मी हा लेख एम.ए.ला असताना वाचला होता. पण हे गाव माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरले नव्हते. बाबासाहेबांनी ज्या गावाचा दाखला देऊन उद्योगांची मागणी केली, त्याच गावाच्या दारात पुढे उद्योग आले. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाठोपाठ भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या शिवारात कारखाने. १९७० साली नगरपालिका, १९७२ साली नवनगर प्राधिकरण, १९८२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची लोकसंख्या १७,२७,६९२ भरली. उपाय अमलात आला. तो कोणाला लागू पडला आणि कोणाला नाही, हा खरे तर ह्या पट्ट्याच्या इतिहासाचा मुख्य प्रश्न व्हायला हवा होता. फळीवरच्या एकाही पुस्तकात तो नाही.

त्या प्रश्नासाठी काही जुने अभ्यास हाताशी घ्यावे लागतात. गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ साली दोन भागांत आली. १९५६ साली सोवनी, आपटे, पेंडसे यांनी फेरपाहणी केली. रिचर्ड लँबर्ट यांनी पुण्याच्या पाच कारखान्यांतील कामगारांचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध केला. हे सारे प्रामुख्याने पुण्याचे. पिंपरी त्यांच्या कडेला उभी आहे. पण कारखान्यात कोण शिरला, कोणाच्या ओळखीने शिरला, कोणत्या जातीचा माणूस कोणत्या यंत्रावर, हे प्रश्न विचारायचे कसे ते त्यांतून शिकता येते. जिल्हा जनगणना हस्तपुस्तिका १९५१ पासून निघत आल्या. त्यांत गावागणिक लोकसंख्या मिळते, पुढच्या पुस्तिकांत गावातल्या अनुसूचित जातींची संख्याही मिळते. आपल्या गावाची ओळ दर दहा वर्षांच्या पुस्तिकेतून उतरवून एका कागदावर मांडली, तरी एक इतिहास दिसू लागतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे सहज जमते.

येथे 'भूमिपुत्र' ह्या शब्दाबद्दल थोडे बोलले पाहिजे. आमच्या पट्ट्यात हा शब्द निवडणुकीत, कारखान्याच्या गेटवर, ठेक्याच्या वाटपात रोज ऐकू येतो. ज्याची जमीन गेली तो भूमिपुत्र. म्हणजे ज्याच्याकडे जमीन होती तो. ज्याने ती कसली, जिच्या बांधावरून ज्याला हाकलले, जो गावकीचे काम करून भाकरीचा तुकडा मागत फिरला, तो पिढ्यान्‌पिढ्या ह्याच मातीत राहूनही भूमिपुत्र नाही. इतिहासाच्या पुस्तकांत आपण नाही म्हणून ठेक्याच्या यादीत आपण नाही, असे सरळ म्हणता येणार नाही. पण दोन्ही याद्या एकमेकींशी जुळतात हे खरे.

आमची मात्र थोडी जमीन होती. हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ह्या शोधात कळले. चाकणच्या पूर्वेला, भामा नदीच्या बाजूला आमचे गाव. घरात आजी एका तुकड्याला 'हाडकी' म्हणायची. मला वाटायचे, तेथे मेलेली ढोरे टाकत असतील म्हणून ते नाव. हाडकी-हाडोळा म्हणजे महारांच्या वतनाची जमीन हे मी पुस्तकात वाचले, आणि तरीही आजीच्या बोलण्याशी ते जोडायला मला काही वर्षे लागली. पुस्तकी शिक्षणाचा हा एक परिणाम म्हणायचा.

वतनाच्या कागदाचा माग कसा काढायचा ते सांगतो, कारण हे अनेकांच्या कामाचे आहे. वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. गावाने महाराला राबवायचे आणि बदल्यात जमिनीचा एक तुकडा दाखवायचा, ही गुलामी त्यांनी मांडली. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. तो १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. आकाराच्या तिप्पट रक्कम भरली की जमीन पूर्वीच्या वतनदाराच्या नावे पुन्हा मिळे, पण नव्या शर्तीने. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही आणि परवानगी मिळाली तरी नजराणा भरावा लागतो. जुन्या सातबारावर 'महार वतन, वर्ग ६ब' अशी नोंद असेल तर ती हीच जमीन. सातबारावरून फेरफाराचा क्रमांक घ्यायचा, फेरफारावरून मागे जायचे, आणि तलाठ्याकडे गाव नमुना १-क मागायचा. एक अडचण येते. १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण योजना झाली तेव्हा सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. म्हातारी माणसे जुन्या नावाने बोलतात, कागद नव्या नंबराने बोलतो. दोघांची गाठ घालून देणारे पत्रक मिळाले तरच वाट सापडते. बाबासाहेबांनी १९१८ साली ज्या एकत्रीकरणाच्या कल्पनेची चिकित्सा केली, त्याच कल्पनेने आमच्या हाडकीचे नाव पुसले, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

आमचा गट मला संपादनाच्या निवाड्यात सापडला. एका कार्यालयात, लाल फडक्यात बांधलेल्या रुमालात. तेथले कारकून भले गृहस्थ, "मास्तर, आता कशाला उकरताय?" म्हणाले, पण त्यांनी रुमाल सोडून दिला. आजोबांचे नाव बावीस हिस्सेदारांत सोळावे. भरपाईची निम्मी रक्कम नजराण्यापोटी वळती. उरलेल्या रकमेचे बावीस वाटे. त्यातून वडिलांनी एक जुनी लूना घेतली. त्याच लूनावरून ते पिंपरीतल्या कारखान्यात हेल्पर म्हणून जात आणि त्याच लूनावर मागे बसून मी शाळेत गेलो. मला ह्या हिशेबाचा राग येतो. पण वडिलांना तो येत नसे. ते म्हणत, गावात आपल्याला पाणी वरून वाढायचे, कारखान्यात नळ सगळ्यांना एक होता. औद्योगिकीकरणाचा आपला इतिहास लिहिताना निवाड्यातली ती वळती रक्कम आणि हा नळ, दोन्ही लिहावे लागतील. एकच लिहिणारा अर्धवट लिहितो, मग तो आपल्यातला का असेना.

आता जे कागद सरकारी नाहीत त्यांच्याकडे येतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतले होते आणि मूर्तीही रंगूनचीच. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. पंढरपूरचा विठ्ठल हा मूळचा बुद्ध, हे आपण लिहून सिद्ध करणार, असे त्यांनी तेथे सांगितले. आणि हे सांगितले तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर. लष्करी डेपोच्या आधाराने वाढलेल्या ह्या वस्तीत त्या दिवशी कोण आले, कोठून चालत आले, ह्याची नोंद ज्यांच्या स्मरणात होती ती पिढी आता जवळजवळ संपली. दर वर्षी तेथे लोटणारी गर्दी मी पाहतो आणि एकाही कॉलेजने त्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती वेळेवर घेतल्या नाहीत ह्याची लाज वाटते. आमचे कॉलेजही त्यात आले.

'बहिष्कृत भारत'चे अंक आज पुनर्मुद्रित मिळतात. त्यातले अग्रलेख सगळे वाचतात. मी म्हणतो, आतल्या बारीक टाइपातल्या बातम्या वाचा. सभा, बहिष्कार, वर्गणी, गावाचे नाव, तालुक्याचे नाव. स्थानिक इतिहास त्या टाइपात आहे. शिवराम जानबा कांबळे यांचे ह. ना. नवलकरांनी लिहिलेले चरित्र १९३० चे. पुणे-खडकीच्या लष्करी आणि नोकरपेशा वस्त्यांतून आपली चळवळ बाबासाहेबांच्या आधी कशी उभी राहिली ते त्यात दिसते. मॅन यांनीही पुण्याच्या अस्पृश्य वर्गावर १९१२ साली आणि दख्खनच्या एका गावातील महारांवर १९१६ साली लेख लिहिले होते. पिंपळे सौदागर वाचणाऱ्याने तेही मिळवावेत. राजेंद्र व्होरांचा 'मुळशी सत्याग्रह' शेजारच्या तालुक्याचा, पण स्थानिक लढा कागदांतून कसा उभा करावा ह्याचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा असा आहे.

आणि ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. प्रत्येकीला गाव आहे, गाणारणीचे नाव आहे. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. ज्या बाईचे नाव सातबारावर कधी चढले नाही तिचे नाव येथे गावासकट नोंदलेले आहे. मी माझ्या विद्यार्थिनींना सांगितले आहे की आपल्या तालुक्याच्या ओव्या आधी शोधा, मग किल्ल्याकडे जा.

नामदेव ढसाळांचा जन्म १९४९ साली खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचा. म्हणजे चाकणच्याच तालुक्याचा. 'गोलपिठा'मुळे आपण त्यांना कामाठीपुऱ्याचे मानतो. चाकण-खेडच्या स्थानिक पुस्तकांत मला त्यांचे नाव आढळले नाही, आणि कनेरसरच्या परिसरातली जमीन पुढे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेतली गेली.

चाकणहून शिक्रापूरकडे जाणारा रस्ता पुढे नगर रस्त्याला मिळतो. तेथून कोरेगाव भीमा जवळ आहे. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तेथे आले होते. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस शेजारच्या वढू बुद्रुकला एका फलकावरून ताण झाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले. इतिहासाचा एक फलक माणसांच्या जिवावर उठू शकतो, हे आमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. म्हणूनच मी कागदाचा आग्रह धरतो. आपल्यातही काही जण ऐकीव गोष्टी छातीठोकपणे लिहितात. दुसऱ्याच्या दंतकथेला आपली दंतकथा हे उत्तर झाले नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तेच कोतवाल बुक, तेच दप्तर. आपल्या मुलांनीही मोडी शिकावी. मी उशिरा शिकलो, अजून अडखळत वाचतो.

ती फाईलवाली विद्यार्थिनी आता एम.ए. करते. तिच्या पणजोबांकडे गावकीचे काम होते. कोणाच्या घरी मयत झाले की सांगावा घेऊन गावोगाव चालत जायचे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मरणाची खबर पोचवली तो स्वतः कागदावर आला तो मेल्यावर, एवढे तिने आजीकडून ऐकून लिहून काढले आहे. आठ पाने झाली आहेत. तिने आणि आणखी दोघांनी मिळून वस्त्यांतल्या जयंती स्मरणिका जमवायला घेतल्या आहेत. वर्गणीदारांच्या याद्या, दुकानांच्या जाहिराती, मंडळाच्या कार्यकारिणीचे फोटो, कोण कोणत्या कारखान्यात कामाला ते नावापुढे लिहिलेले. एका विहाराच्या कपाटातले चार वर्षांचे अंक वाळवीने खाल्ले. तेथल्याच एका निवृत्त कामगाराच्या पत्र्याच्या पेटीत १९८९ च्या टेल्को संपाची पत्रके आहेत असे कळले. पेटीची किल्ली त्यांच्या सुनेकडे असते आणि ती रविवारीच घरी असते. येत्या रविवारी जायचे ठरले आहे.